रूढीप्रमाणे निगा

फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका क्लेमचं पत्र टाइप करत होते. फोन साहेबांच्या टेबलावरचा. शिपाई आतून येऊन माझ्या मशीनशेजारी उभा राहिला. "रोह्याचा आहे," एवढंच म्हणाला. मला कळलं. तरी हातातली ओळ मी पुरी केली, पूर्णविराम दिला, कागद रोलरमध्ये तसाच ठेवला आणि मग उठले. असं का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. अर्धवट काम टाकून उठलेलं भावोजींना खपत नसे, एवढं मात्र खरं. फोनवर ताईच्या शेजारच्या कुंदावहिनी होत्या. त्या रडत होत्या आणि मागून ताईचा आवाज ऐकू येत होता, "तिला सांग, कायतरी खाऊन नीघ म्हनावं. गाडी लागते तिला." नवरा जाऊन अर्धा तास झालेला, आणि ही बाई धाकट्या बहिणीच्या पोटाची काळजी करत होती. पेणच्या स्टँडवर रोह्याची एसटी लागलेलीच होती. वडखळ गेलं, गडब गेलं, नागोठण्याला गाडी दहा मिनिटं थांबली, भिसे खिंडीत नेहमीप्रमाणे पोटात ढवळलं, आणि मी खिडकीला डोकं टेकून एकच विचार करत होते... आता घरात शिरल्यावर "या टायपिस्टबाई, आज कुणाला नाय म्हटलंत?" असं कोण विचारणार?

दत्ताराम भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुधाताईचे यजमान. त्यांना जाऊन आता सव्वा महिना होईल. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत पंचवीस वर्षं ते मेंटेनन्स खात्यात फिटर होते. जन्म मात्र पेणच्या खाडीकडचा, मिठागरावर राबणाऱ्यांच्या घरातला. "मिठागरावर वाढलेल्या मानसाला गंज म्हंजे काय ते शिकवावं लागत नाय," असं ते म्हणायचे. घरातलं फावडं, विळा, कडीकोयंडा, सगळं खारट हवेत महिन्याभरात गंजून जायचं, म्हणून त्यांची आई रोज संध्याकाळी लोखंडाची प्रत्येक वस्तू फडक्याने पुसून तेलाचं बोट फिरवायची. तीच सवय यांना लागली. आमच्याकडे जावई म्हणून पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हात धुऊन पाटावर बसायच्या आधी त्यांनी दाराच्या बिजागरीला तेल मागितलं. माझे वडील थोडे नाराज झाले. जावयाने पहिल्याच दिवशी घरातली कुरकुर काढावी हे त्यांना रुचलं नाही. आई मात्र पुढची कितीतरी वर्षं ते दार मुद्दाम उघडझाप करून शेजारणींना दाखवायची.

माझ्या हातात टायपरायटर त्यांनीच दिला. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, पुढे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीने भंगारात काढलेला एक इंग्रजी टायपरायटर ते रीतसर कागद करून घेऊन आले आणि चार रविवार आमच्या ओटीवर त्याचे सांधे उकलून बसले. मी शेजारी बसून एकेक अक्षराचा खिळा रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासायचे. चौथ्या रविवारी त्यांनी कागद चढवला, एका बोटाने माझं नाव टाइप केलं, त्यात एक अक्षर जास्तीचं पडलं, आणि म्हणाले, "ही घे तुझी नोकरी. स्पेलिंग तेवढं तू बघ." त्याच मशीनवर हात बसला, क्लासची परीक्षा दिली आणि पेणमधल्या एका विमा कार्यालयात मी टायपिस्ट म्हणून लागले, आधी हंगामी. विमा कार्यालयातून जाणारी पत्रं बहुतेक नकाराचीच असतात असा त्यांचा ठाम समज होता. (फारसा चुकीचा नव्हता.) म्हणून तो टायपिस्टबाईंचा प्रश्न. मी दर वेळी रागवायचे, आणि दर वेळी वाट बघायचे.

आजार हळूहळू आला. लहानपणी झालेल्या क्षयाने एक फुप्फुस आधीच निम्मं खाल्लं होतं, त्यावर तरुणपणातल्या विड्या. पन्नाशी गाठेपर्यंत जिना चढताना थांबायला लागले. मग सपाट रस्त्यावर, मग बोलताबोलता. कामावरून लवकर निवृत्ती घ्यावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसातले पंधरा-सोळा तास ऑक्सिजन लागेल, कायमचा. तेव्हा हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन नुकतं कुठेकुठे दिसायला लागलं होतं. लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्याएवढं धूड, खाली चाकं, आणि घर्रर्र असा अखंड आवाज. कंपनीच्या गटविम्यातून ते त्यांना मिळालं. मशीन विम्याच्या मालकीचं, गरज असेपर्यंत रोग्याच्या घरी ठेवायचं. बिघडलं तर दुरुस्ती विम्याकडे. बाहेरून पुसणं आणि मागची स्पंजची जाळी आठवड्याला धुणं एवढंच घरच्यांकडे. मागच्या स्क्रूवर कागदी सील होतं, ते फाटलं तर दुरुस्तीचा हक्क गेला. भावोजींनी त्या सीलवर बोट फिरवलं आणि हसले. "जन्मभर दुसऱ्यांची मशीनं खोलली गो शालू. आता माझा श्वास ज्याच्यात हाय त्याला हात लावायची बंदी."

पण मशीन आलं आणि माणूस पुन्हा माणसात आला. नाकात नळी, नळीला तीस फूट लांबी, त्यामुळे खिडकीपासून मोरीपर्यंत सगळं घर त्यांच्या आवाक्यात. आणि बोलणं! भावोजी मुळात बोलघेवडे, दम लागायला लागल्यापासून वाक्य अर्ध्यावर सोडायची पाळी आली होती. आता वाक्यं पुरी व्हायला लागली. रस्त्यावरून जाणाऱ्याला खिडकीतून हाक मारायची, त्याच्या सायकलच्या चेनचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचं, त्याला आत बोलवायचं. ताई म्हणायची, "मशीन त्यांच्या नाकाला लावलंय, पन हवा सगली जिभेला जाते."

त्याच वर्षी दसरा आला. कारखान्यात काम केलेल्या माणसाला खंडेनवमी-दसरा म्हणजे काय ते मी सांगायला नको. वर्षभर धडधडणारी यंत्रं त्या दिवशी थांबतात. पुसायची, तेलपाणी करायचं, मग हार, हळदकुंकू, नारळ. भावोजी म्हणायचे, देव येतो न येतो, मशीन मात्र त्या दिवशी नक्की स्वच्छ होतं. तर घरात श्वास देणारं यंत्र असताना त्याला दसरा नाही, हे कसं चालेल? त्यांनी सकाळी, वीज गेली तर म्हणून ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर लावून घेतला, मशीन बंद केलं, ओल्या फडक्याने पुसलं, चाकांना तेल दिलं, मागची जाळी काढून साबणाच्या पाण्यात धुतली आणि खिडकीत सावलीला वाळत टाकली. ऑक्सिजनजवळ ज्योत नको म्हणून निरांजन पार बाहेरच्या खोलीत ठेवायला लावलं. इतकी काळजी! मग ताईने ताम्हण आणलं. झेंडूचा हार घातला, पुढच्या बाजूला कुंकवाची पाच बोटं ओढली, आणि आमच्याकडे रीत आहे तशी वरून चिमूटचिमूट हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या. सकाळपासूनच्या खटपटीने भावोजींना धाप लागली होती. ताई घाबरली. "लावा आधी मशीन," म्हणाली. लावलं. जाळी खिडकीतच वाळत होती... तासाभराने आठवण झाली तेव्हा बसवली. तेवढ्या तासात, जाळी नसलेल्या मागच्या उघड्या तोंडातून, मशीनने दसऱ्याची सगळी हळद ओढून घेतली होती.

हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. पंधरा दिवसांनी मशीनचा सूर बदलला. तो बदल फक्त भावोजींना ऐकू आला. "याला दम लागतोय गो," ते ताईला म्हणाले. आणखी चार दिवसांनी लाल दिवा लागला आणि मशीन बंद पडलं. कपाटाच्या खणात त्यांचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, सगळं तेल लावून गुंडाळून ठेवलेलं होतं. हात पुढे केला असता तर दहा मिनिटांत त्यांना दोष सापडला असता. त्यांनी सीलला हात लावला नाही. विम्याला पत्र लिहिलं आणि वाट बघत बसले. सर्व्हेअर आला, मुंबईचा, सभ्य मुलगा. त्याने सील फोडलं, आतला पांढरा जाड फिल्टर काढला. तो पिवळाधमक. त्याने वास घेतला. "हळद?" त्याने विचारलं. आणि माझी ताई, भोळी, चहाचा कप त्याच्यापुढे करत अभिमानाने म्हणाली, "व्हय! दसऱ्याची."

त्याने ते लिहून घेतलं.

कंपनीचा गटविमा आमच्याच कार्यालयाकडे, तेव्हा ते प्रकरण तिथेच येणार हे मला ठाऊक होतं. साहेब मजकूर सांगत होते, मी टाइप करत होते. नाव आलं तेव्हा बोटं जरा अडखळली, इतकंच. यंत्राची दुरुस्ती विम्यातून करून देता येत नाही, कारण बिघाड हा वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे झाला आहे. सगळं इंग्रजीत. निष्काळजीपणासाठीच्या त्या लांबलचक शब्दाचं स्पेलिंग मला पाठ होतं, रोजचाच शब्द आमचा. साहेबांना तेव्हाच सांगायला हवं होतं की सर, हे माझे भावोजी, आणि ते काहीही असतील पण निष्काळजी नाहीत. मी सांगितलं नाही. मी अजून कायम झाले नव्हते, आणि हंगामी माणसाच्या तोंडाला कुलूप असतं. हे कारण खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटते. आणखी एक गोष्ट. कार्यालयीन पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, मजकूर सांगणाऱ्याची आद्याक्षरं मोठी आणि टाइप करणाऱ्याची लहान, अशी घालायची पद्धत असते. ती पद्धत मी त्याही पत्रावर पाळली. सवयीने.

पुढचे दोन रविवार मी रोह्याला गेलेच नाही, तब्येतीची सबब सांगितली. तिसऱ्या रविवारी गेले तेव्हा दारातूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. हाक आली नाही. भावोजी पलंगावर उशांना टेकून बसले होते, शेजारी लोखंडी सिलिंडर. सिलिंडर पनवेलहून टेम्पोने यायचा, कधी वेळेवर, कधी नाही. म्हणून ते, हवा किती सुटते ते दाखवणारा चकतीचा काटा डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेच्या खाली आणून ठेवत आणि पुरवून पुरवून हवा घेत. बोललं की दम लागतो, दम लागला की हवा जास्त लागते. तेव्हा त्यांनी बोलणंच बंद केलं होतं! ताईने सांगितलं, आठ दिवसांत अक्षर उच्चारलं नाही. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून ठेवली होती, त्यांवर पेन्सिलीने लिहायचे. मला बघून त्यांनी लिहिलं, 'चहा घे.' मग उशीखालून ते पत्र काढलं. पत्र त्यांनी माझ्यापुढे उलगडून धरलं, बोट सरकवत सरकवत तळाच्या डाव्या कोपऱ्यात नेलं आणि माझ्या दोन लहान अक्षरांवर ठेवलं. तीस माणसांच्या खात्यात काम केलेला माणूस, कागदावर कुणाची सही कुठे असते हे त्याला कळणारच. मी मान वर केली नाही. पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. त्यांनी लिहिलं होतं, 'एक पण चूक नाय. झकास.'

मी तिथेच रडले. ताईला वाटलं मी त्यांच्या तब्येतीला रडतेय. तिने मला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला आणि त्यांच्यावरच डाफरली, "काय लिवलं तिला? पोर रडतेय." भावोजी खांदे उडवून हसले. पण मग त्यांनी पुन्हा पेन्सिल घेतली आणि त्या इंग्रजी शब्दाखाली रेघ ओढून बाजूला लिहिलं, 'निष्काळजी म्हंजे मी?' प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलं. नकार त्यांनी गिळला असता. सिलिंडरवर आयुष्य काढायचीही तयारी केली असती. जन्मभर दुसऱ्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालत फिरलेल्या माणसाला तो एक शब्द मात्र गिळता येत नव्हता.

त्यांनी विम्याची पुस्तिका आणायला लावली. आमच्याच छापाची, सगळी बारीक अक्षरांत. निगा राखण्याबद्दलचं कलम काढून माझ्यापुढे धरलं आणि खुणेने म्हणाले, सांग मराठीत. मी वाचू लागले. वापरणाऱ्याने यंत्राची... पुढे शब्द होता 'कस्टमरी'. म्हणजे इथे नेहमीची, सर्वसाधारण. पण टायपिंगच्या क्लासात डिक्शनरी घोकलेली मी, तोंडातून आधी डिक्शनरीतलाच अर्थ निघाला. "वापरणाऱ्याने यंत्राची रूढीप्रमाणे निगा राखावी." भावोजींनी मान वळवली. 'परत वाच,' खुणेने म्हणाले. मी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू असं पसरत गेलं, खांदे हलायला लागले, मग खोकला, मग डोळ्यांत पाणी. ताई धावत आली. "हसू नका, हवा संपेल!" ते ऐकून आणखीच. श्वास ठिकाणावर यायला पाच मिनिटं लागली, आणि मग आठ दिवसांतलं पहिलं वाक्य ते बोलले, "रूढीपरमानंच केली ना?"

मला धास्ती पडली. मी म्हणाले, "भावोजी, मी त्याच ऑफिसात नोकरी करते. खाल्ल्या मिठाला जागायला नको का?" त्यांनी कॅलेंडर ओढलं आणि लिहिलं, 'मीठ आमच्या मिठागरातलं. जाग मलाच.'

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, मराठीत, दोन पानं, फिटरच्या सुबक ठशठशीत अक्षरात. मी फक्त तो एक शब्द पुरवला होता. कायम होण्याची आशा गेली तरी चालेल, असं मनाशी ठरवूनच त्या दिवशी एसटीत बसले. अर्ज टपालाने आला तेव्हा आवक नोंदीत मीच चढवला, म्हणून त्यातला मजकूर मला पाठ आहे. त्यांनी लिहिलं होतं, आपल्या पुस्तिकेत रूढीप्रमाणे निगा राखावी असे म्हटले आहे. आमच्या रूढीप्रमाणे दसऱ्याला यंत्र बंद करतात, पुसतात, तेल देतात आणि त्याची पूजा करतात. आम्ही तसे केले. जाळी बसवण्याआधी यंत्र सुरू केले ही चूक झाली, ती कबूल आहे. चुकीला चूक म्हणावे. दुरुस्ती नामंजूर करायची तर करावी, पण निष्काळजी हा शब्द काढून दुसरा कोणताही घालावा. आपल्या कार्यालयातही दसऱ्याला यंत्रांची पूजा होत असेलच.

साहेब देशावरचे, कडक, पण वाचताना ओठ हलवणारे. शेवटच्या ओळीशी ओठ थांबले. ते उठून बाहेर आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले. माझ्या टायपरायटरच्या कपाळावर दसऱ्याचं कुंकू अजून होतं, दोन फराटे, अर्धवट पुसलेले. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "मीच, सर. तुमच्या जीपलाही हार घातला होता, ड्रायव्हरने." मग घाबरत घाबरत तेही सांगून टाकलं, जे महिन्यापूर्वी सांगायला हवं होतं. अर्ज करणारे माझे भावोजी आहेत, आणि त्या शब्दाचा अर्थ मीच त्यांना सांगितला. साहेबांनी खिडकीतून बाहेरच्या जीपकडे पाहिलं. मग म्हणाले, "घ्या लिहून." दुरुस्ती मंजूर झाली.

त्या पत्रात निष्काळजी शब्द मागे घेतल्याचं कुठे नव्हतं. भावोजींनी ते दोनदा वाचून घेतलं. "म्हंजे काढला का नाय काढला?" मी म्हणाले, मंजूर केलं म्हणजे काढलाच की. त्यांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. टाइप करताना एक ओळ सुचवता आली असती, साहेबांचा मूडही बरा होता... मला सुचलंच नाही. ही एक हळहळ माझी मलाच. भावोजींनी दोन्ही पत्रं टाचणी लावून एकत्र ठेवली आणि मला कधी ऐकवलं नाही.

मशीन दुरुस्त होऊन आलं त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले. घर्रर्र सुरू झालं, त्यांनी नळी नाकात घातली, दोन मिनिटं डोळे मिटून बसले आणि मग जे बोलायला लागले ते दिवेलागणीपर्यंत. महिन्याभराचं साचलेलं सगळं. सर्व्हेअरच्या बुटाचा तळ कसा सुटला होता, टेम्पोवाला गिअर कसा चुकीचा टाकतो, ताईने सांडग्यांत मीठ कसं जास्त घातलं आणि तेव्हा लिहायला कागद नव्हता म्हणून ते निमूट कसे खाल्ले. ताई डोळे पुसत म्हणाली, "आता मला जरा गप बसलेले बरे वाटतील." पुढच्या दसऱ्याला तिने समोर पाटावर नारळ ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं, मशीनला नुसता लांबून नमस्कार.

चार वर्षं ते मशीन चाललं. चार वर्षं मी दर रविवारी रोह्याला जात राहिले, आणि खरं सांगते, ताईसाठी जाते असं म्हणायचे पण जायचे त्यांच्यासाठी. माझ्या आयुष्यात माझं काम कुणी विचारलं असेल तर त्यांनी. काय आलं, काय गेलं, कुठल्या शब्दाला अडलीस. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, "त्याला दसरा करता का?" मी म्हणाले, साहेबांनी सक्त मनाई केली आहे, पावडर आत जाते म्हणे. इतके खूश झाले! "शिकले बघ," म्हणाले. शेवटच्या रविवारी ते थकलेले होते, पण निघताना मला म्हणाले, "पुढच्या खेपेला लवकरची गाडी धर. उशिरा येतेस नि बोलायचं राहून जातं." मी लवकरची गाडी धरायचं ठरवलंही होतं.

तेरा दिवस झाले, माणसं पांगली. गेल्या आठवड्यात ऑफिसात माझ्या टेबलावर एक फॉर्म आला, यंत्र परत घेण्याचा. रोगी दगावल्यावर मशीन परत द्यायचं असतं, ते रास्तच आहे, ते दुसऱ्या कुणाला लागणार. नवे साहेब म्हणाले, तुमच्या घरचंच आहे, तुम्हीच भरा. नाव, पत्ता, पॉलिसी क्रमांक, सगळं भरलं. एक रकाना होता, 'वापर बंद झाल्याची तारीख'. ती मला ठाऊक नसण्याचं कारण नव्हतं. तरी म्हटलं, ताईला विचारून भरू.

रविवारी दुपारी रोह्याला पोचले. दाराशी आले आणि पाय थांबले. आतून घर्रर्र ऐकू येत होतं. आत गेले तर ताई पलंगाशेजारी खाली बसून तांदूळ निवडत होती. पलंग रिकामा, चादर ताणलेली. मशीन चालू. मी म्हणाले, "ताई, हे काय गो?" आणि लक्षात आलं की मी ओरडून बोलतेय. त्या आवाजावर आवाज काढून बोलायची घरातल्या सगळ्यांना सवय झालेली. तीही तशीच ओरडून म्हणाली, "दुपारची लावते जरा! बंद असलं का ते गप बसलेत असं वाटतं, त्या सिलिंडरवर असल्यासारकं. काय लिवून पन देत नाय." मग निवडलेले खडे मुठीत घेऊन म्हणाली, "जाली धुतली हाय, वालली हाय, मगच लावलं. काय बिघडत नाय ना? तुमच्या हाफिसात चालतं ना?"

मी पलंगाच्या कडेला बसले. नळी नेहमीच्या खिळ्याला टांगलेली होती. मी तिचं टोक हातात घेऊन गालाजवळ धरलं. गार, बारीक हवा येत होती. ताईने चहा टाकते म्हणून ओरडून सांगितलं, मी हो म्हणून ओरडले.

फॉर्म माझ्या पर्समध्ये आहे. एकदा साहेबांनी सांगितलं तसं टाइप केलं होतं. या वेळी तारखेचा रकाना मी कोराच ठेवला आहे, आणि साहेबांनी विचारलं तर त्यांना सांगणार आहे की वापर अजून चालू आहे.